सत्त्याहत्तर नंबरचं मशीन

२ मार्च १९९८
नवी नोकरी! शीळफाट्याजवळची माल पाठवणारी कंपनी, एसी ऑफिस, चाळीस कॉम्प्युटर आणि त्यांचा राजा मी. आधीचा माणूस, कोपरचा देवराम, न सांगता सोडून गेला म्हणे. माझं नशीब. काम सोपं आहे. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये गेटवेचा नंबर हाताने भरायचा. बाहेर जाणारी प्रत्येक मेल त्याच नंबरच्या मशीनमधून जाते. नंबर चुकला की मेल ठप्प. संध्याकाळी धाकट्या भावाला, पोपटला, बंगळुरास मेल टाकली. आई-बाबा गेल्यापासून आम्ही दोघंच.

४ मार्च
माणसं मात्र खडूस. चहा सगळ्यांना मिळतो, माझं टेबल सोडून. सकाळी बघतो तर चाळीसही कॉम्प्युटरमध्ये गेटवेचा नंबर बदललेला, त्याच्या शेवटी ७७. या नंबरचं मशीनच ऑफिसात नाही. खरा नंबर भरला, आणि दुपारपर्यंत सगळ्यांची मेल बंद! अकाउंट्सच्या सरस्वतीबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, देवराम ७७ ठेवायचा तेच ठेव, शहाणपणा नको. डोकं असं सणकलं! पण नोकरी अजून कच्ची आहे, ७७ परत भरला.

७ मार्च
शनिवार, अर्धा दिवस. सगळे गेल्यावर ७७ला पिंग लावलं. पिंग म्हणजे त्या मशीनला सारखी हाक मारायची, ते असेल तर स्क्रीनवर ओ देतं. मग एकेक केबल उपटत गेलो. जिच्यावर ओ थांबेल तिच्या टोकाला चोर. एकीवरही थांबली नाही. शेवटची केबल माझ्याच कॉम्प्युटरची. तीही उपटून हातात धरली, तरी ७७ ओ देतच होतं. घाबरलो. खोटं कशाला लिहू?

९ मार्च
देवरामची बायको चंद्रभागा आली होती. जानेवारीपासून तो घरी नाही. तिच्या भावाला त्याची मेल आली, दुबईला चाललोय, शोधू नका. ती रडत सांगत होती, अहो, त्यांच्याकडं पासपोर्टच नाय. कुणी मान वर केली नाही, टाइप करत राहिले. सरस्वतीबाईंनी तिला बाहेर काढलं. मला सगळ्यांची किळस आली.

१० मार्च
पोपटचं उत्तर आलं. मस्कतच्या नोकरीबद्दल अभिनंदन, दादा! मी असं लिहिलंच नाही. मी काल लिहिलं होतं, इथली माणसं वाईट आहेत. ७७मधून जाताना ते —
साहेबांना सांगितलं. म्हणाले, मेल चालू राहिली पाहिजे. माणूस काय, दुसरा मिळतो.

११ मार्च
राजीनामा दिला. घेत नाहीत. भर दुपारी सगळे उठून दाराशी उभे राहिले. मला केबलच्या खोलीत ढकललं. बाहेरून कडी.
इथे फोन आहे. पोपट लागला! सगळं सांगितलं, म्हटलं पोलीस घेऊन ये.
म्हणाला, दादाची मेल आत्ताच आली, विमानतळावरून. त्यात आहे, कुणीतरी माझ्या आवाजात फोन करेल, ऐकू नकोस.
आईचं नाव सांगितलं. लहानपणी विहिरीत पडला होतास, मी तुला काढलं — तेही सांगितलं.
म्हणाला, तेही मेलमध्ये आहे. तुम्ही हेच सांगाल, असं दादाने लिहिलंय.
मला तुम्ही म्हणाला. माझा पोपट.
फोन ठेवला त्याने. पुन्हा लागत नाही —
भिंतीपलीकडे सगळे टाइप करायला बसले. प्रत्येक अक्षर माझ्या अंगातून — जीभ हलतेय, शब्द माझे नाहीत — हात तरी अजून माझा — लिहितोय तोवर मी — प्रिय पोपट, मी मस्कतला सुखरूप पोचलो, इथे हवा —