आफ्रिकेला कशासाठी?

३ नोव्हेंबर १९४६, सातारा
सात महिने वहीला हात लावला नाही, क्षमा असावी. शाळेचं काम फार होतं. (खोटं. मे महिना सगळा सुट्टीचा होता.)
आज उपासनेनंतर पाळकसाहेबांनी जाहीर केलं, आफ्रिकेत मोंबासाजवळच्या मिशन दवाखान्यात सहा महिने सेवेसाठी आपल्या मंडळ्यांतून एक स्वयंसेवक पाठवायचा आहे. सर्वांत आधी माझा हात वर. प्रभूचं पाचारण! सांगलीला कमिटीपुढे फक्त 'का जायचं' ते सांगायचं. सोपं आहे.

५ नोव्हेंबर
सोपं नाही. पाचारणानं हात वर गेला, की हेडमास्तरांची जागा माझ्या मागून आलेल्याला मिळाली म्हणून? दोन्ही असेल. साठ-चाळीस. साठ कोणतं, ते ठरत नाही.

९ नोव्हेंबर
तयारी सुरू. चहा बंद. जमिनीवर झोपणे.
शालू दवाखान्यातून नर्सची रात्रपाळी करून पहाटे आली आणि अंधारात माझ्यावर पाय देऊन पडता पडता वाचली. बायकोला त्यागाचा अर्थ समजावून सांगितला. ती म्हणाली, "आवं, मग वरची गादी मोकळीच हाय की," आणि लगेच झोपली. माहेर कवठे महांकाळचं. बोली सोडली नाही. माझ्या बी.ए.चाही तिच्यावर परिणाम नाही.

१० नोव्हेंबर
चहा घेतला. डोकं दुखताना चिंतन होत नाही. कंबर धरली आहे. जमिनीवर झोपणं आफ्रिकेत गेल्यावर सुरू करावं.

१४ नोव्हेंबर
शेजारचा जोतीराम पलटणीतून परत आला आहे. आफ्रिका पाहिलेला माणूस. अनुभव विचारायला गेलो, तर त्यानंच मला विचारलं, "तितं जाऊन काय करणार, मास्तर?" म्हटलं, सेवा. "कुणाची?" तिथल्या लोकांची. "त्यास्नी तुमी पायजे हाय व्हय?" म्हटलं, असं विचारायचं नसतं. तो म्हणाला, "आमास्नी बी कुणी बोलावलं न्हवतं गड्या, पर आमाला पगार तरी हुता." नाराज होऊन निघालो. निघताना त्याची उन्हाची टोपी मागून घेतली. आरशात बराच वेळ पाहिलं. हेही कारण असेल काय?

१९ नोव्हेंबर
कमिटीपुढे सगळी कारणं सांगायची, शुद्ध आणि अशुद्ध. असा प्रामाणिकपणा त्यांनी पाहिला नसेल. निवड नक्की.

२३ नोव्हेंबर, सांगली
मावशी धोंडुबाई इथं असते, म्हणून शालूही बरोबर आली. कमिटीनं तिलाही आत बसवलं.
मी पाऊण तास बोललो. हेडमास्तर, टोपी, सगळं सांगितलं. प्रत्येक कारणाखाली दुसरं कारण निघत होतं. कमिटीतले एक पंच घोरू लागले. मग अध्यक्षांनी शालूला सहज विचारलं, यांच्या जाण्याला तुमची हरकत नाही ना?
ती म्हणाली, "हरकत कशाची? पर तितं दवाखाना हाय का साळा?"
दवाखाना.
"मग ह्ये काय करणार तितं? मी जाते की."
सगळे हसले. तुम्हाला कशासाठी जायचंय, असं तिला विचारलं. म्हणाली, "जहाजावर धा-बारा दिस मला कुणी उठवणार न्हाई. झोपंन म्हंते पोटभर. उतरल्यावर मग काय सांगाल त्ये काम करंन. हितं वार्ड, चूल, दोन पोरं, आन ह्ये."
पुन्हा हसले. कमिटीवरचे आमचे पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांनी तिचं नाव लिहून घेतलं.

२४ नोव्हेंबर
परतीच्या मोटारीत ती वाटभर झोपली, तोंड उघडं टाकून. सातारा आलं तरी उठवावंसं वाटेना. कंडक्टरनं उठवलं.
वस्तुतः तिला प्रेरणा माझ्याच साक्षीनं मिळाली. म्हणजे पाचारण माझंच, प्रवास फक्त तिचा.

२ डिसेंबर
वरचं दोनदा वाचून पाहिलं. पटत नाही.

५ जानेवारी १९४७
काल मुंबईहून बोट सुटली. तिनं कठड्यावरून हात केला आणि चटकन आत गेली. अपमान वाटला. मग वाटलं, झोपायला गेली असेल.
आज संध्याकाळी पोरांना घेऊन सातारला पोचलो. पोरं उपाशी, घागर रिकामी. सतरा वर्षं या घरात राहतो आहे.
उद्या: नळाला पाणी किती वाजता येतं, ते शेजारी विचारणे.