माडीवर जाणारा मामा

उवाजिमा, २९ ऑक्टोबर

चि. क्योहेई यास,
आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

सामना बघायला गल्लीने भाड्याची बस केली. तुझे दाजी पहाटेपासून सगळ्यांसाठी माशांच्या वड्या तळत होते. मैदानात धरायला तोमोयाच्या नावाचं कापड मी स्वतः शिवलं. आणि शेवटच्या सामन्यात तू माझ्या मुलाला एक चेंडू टाकू दिला नाहीस. तुमचा पहिल्या क्रमांकाचा पिचर, चेंडू टाकणारा माझा तोमोया, बाकावरून उठून दुसऱ्यांना पाणी देत होता आणि तू हाताची घडी घालून उभा. हरलात. वड्यांचे डबे तसेच परत आले.

एप्रिलात तू त्याच्या कॉलेजात बेसबॉलचा प्रशिक्षक झालास, तेव्हा मी देवळात जाऊन घंटा वाजवून आले होते. मूर्खच मी. तू व्यावसायिक संघात होतास तेव्हा नववर्षाला यायचास, पोरगं तुला दाखवायला अंगणात जीव तोडून चेंडू टाकायचं, आणि तू चहाचा पेला उचलून माडीवर निघून जायचास. कधी एक शब्द बोलला नाहीस. निवृत्त झाल्यावर तरी डोक्यातली हवा उतरेल असं वाटलं होतं.

लोभ असावा, असं आज लिहिणार नाही.
शिनोबूताई

हिरोशिमा, ३ नोव्हेंबर

ती. ताईस, शि. सा. न.
पत्र वाचून मीही चिडलो आहे. तेव्हा नमस्कार घे आणि ऐकूनही घे.

तोमोयाचा खांदा सुजला आहे. तो सामना खेळला असता तर खांदा कायमचा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. घरी कळवू नका, बस ठरली आहे, अशी त्याने मला गळ घातली. सामन्याआधी माजी विद्यार्थी मंडळाचे म्हातारे येऊन बसले. आमच्या काळी खांद्यात कळ आली की आम्ही आणखी शंभर चेंडू टाकायचो, म्हणाले. त्याला उतरव, नाहीतर राजीनामा दे. मी उतरवलं नाही. आता माझ्या नोकरीचा निकाल ते याच महिन्यात लावतील. माझा खांदा ह्याच शहाणपणाने गेला, हे त्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता माडीचं. व्यावसायिक खेळाडूने विद्यार्थ्याला शिकवायचं नाही, असा नियम आहे. सख्ख्या भाच्यालाही नाही. मी बोललो असतो आणि कोणाच्या कानावर गेलं असतं, तर त्याचं खेळणं बंद झालं असतं. त्याचं कोपर खाली पडतं, हे मला पहिल्याच चेंडूला दिसलं होतं. तोंड उघडू नये म्हणून वर जायचो. खिडकी लावली तरी आवाज यायचा. निवृत्त झाल्याबरोबर विद्यार्थ्यांना शिकवायची परवानगी मिळावी म्हणून त्या वर्गात जाऊन बसलो, चाळिशीत. कोणासाठी, ते तूच ठरव.

एक कळत नाही. इथे मी त्याला मोजकेच चेंडू टाकू देतो. मग खांदा एवढा बिघडला कसा? सुट्टीत तुमच्याकडे काय चालतं?

राग असला तरी पत्र पाठवत जा.
क्योहेई

उवाजिमा, १२ नोव्हेंबर

चि. क्योहेई यास, आशीर्वाद. या खेपेला खरे.

तोमोया घरी आला आहे. फळीवरचा वाडगा मागितला तर डावा हात वर गेला, उजवा छातीपाशीच अडला. मग सगळं बाहेर आलं. सुट्टीत तुझे दाजी त्याला रोज आपल्या वड्यांच्या दुकानामागे नेऊन चेंडूंची बादली रिकामी होईपर्यंत टाकायला लावत होते. टाकून टाकून खांदा पक्का होतो म्हणे, आणि मामा फार मऊ आहे म्हणे. दोन दिवस त्यांना नुसता भात आणि मुळ्याचं लोणचं वाढलं. तिथली चेंडू अडवायची जाळी काढून मी पर्सिमनच्या झाडावर टाकली आहे, पाखरांपासून फळं तरी वाचतील. त्या म्हाताऱ्यांना वेगळं पत्र घातलं आहे. त्यातली भाषा तुला सांगण्यासारखी नाही.

पण तुझ्यावरचा राग गेला नाही. शिकवायची बंदी पोरापुरती होती, बहिणीला कारण सांगायला नव्हती. इतकी वर्षं तू वर दातओठ खात बसलास आणि मी खाली तुझ्या नावाने बोटं मोडत होते. याला काय म्हणायचं?

नोकरी घेतली तर घेऊ देत. शिकवायची परवानगी तर काढून घेता येत नाही ना त्यांना? नववर्षाला ये. तोमोया चेंडू टाकणार नाही, नुसता डावा हात फिरवून विचारेल. कोपराचं काय ते त्याला अंगणात बसून सांग.

लोभ आहे, तो कुठे जातो. माडीच्या जिन्यावर मी तांदळाची पोती रचून ठेवली आहेत.
तुझी ताई