मोठी गाडी आणि डावा खांदा

पुली,
थूती आजोबांच्या नैवेद्याचा दिवस

आदरणीय आ-खुन दादा,

तुम्हाला आणि वहिनींना माझा वाकून नमस्कार. लूकांगला समुद्रावरचं वारं सुटलं असेल. गुडघ्याला लोकरीची पट्टी बांधता ना, की वहिनी म्हणतात तशी ती अजून गॅरेजमधल्या गाड्यांच्या टाक्या पुसायच्या कामात आहे? पाठीचं कसं आहे? मागे तुम्ही पाठवलेली सुकी कालवं पोचली, आईने ती एकटीने खाल्ली, आणि ‘तुझा मेहुणा माणूस चांगला आहे’ असं पहिल्यांदाच उघडपणे म्हणाली. आमच्याकडे सर्व ठीक आहे. तांदूळ चांगला आला, उन्हं कडक आहेत, शेवया दुपारपर्यंत वाळतात. तुमची बहीण बी-युन मजेत आहे. तिच्याबद्दल पुढे लिहितोच.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी तुमच्या मोटरसायकलची माफी मागितली. तिथून सुरुवात करतो. शेवया बांबूच्या चटयांवर पसरून झाल्या होत्या, यंत्र बंद होतं, आई भाजी निवडत होती. मी तुमची ती लहान गाडी अंगणात घेतली, धुतली, साखळीला तेल दिलं, आसनावर दोन संत्री ठेवली आणि हँडलजवळ उदबत्ती लावून हात जोडले. (नवीन गाडीची पूजा सगळेच करतात. जुनीची करताना मी कुणाला पाहिलेलं नाही, पण मला राहवलं नाही.) आईने मान वर केली आणि विचारलं, “कोण गेलं?” मी म्हणालो, कुणी नाही. ती म्हणाली, “मग संत्री इकडे आण.”

माफी कशाची, ते तुम्ही ओळखलंच असेल. तरी रागावू नका, आधी पूर्ण वाचा.

तुम्हाला आठवतं ना, ही गाडी तुम्ही मला दिलीत तेव्हा माझी चाळिशी संपत आली होती आणि तोवर सगळं जग मी बी-युनच्या स्कूटरवर मागे बसून पाहिलं होतं. बाजारात मला ‘पार्सल’ म्हणत. (“बी-युन, आज पार्सल कुठे पोचवायचंय?” असं मासेवाली विचारायची, आणि बी-युन म्हणायची, “कुणी घेतच नाही, परत घरी नेतेय.”) मग ती ओल्या फरशीवर घसरली, मनगट मोडलं, हाड जुळलं पण स्कूटर काही हाताला पेलेना. तेव्हा तुम्ही गाडी घेऊन आलात, मला मंदिरामागच्या मैदानात गोल गोल फिरवलंत आणि जाताना दोन गोष्टी सांगितल्यात. एक, गाडी शिकवायची थांबली की मगच बदलायची. आधी बदललीस तर राहिलेले धडे पुढची गाडी व्याजासकट शिकवते. दुसरी, ही विकायची नाही, कुणातरी नवख्याला द्यायची. मी दोन्ही गोष्टी मनात बांधून ठेवल्या.

दर रविवारी देवळात जाऊन आलो की आम्ही दोघं वर डोंगरात जायचो, वळणावरच्या त्या भाजलेल्या मक्याच्या टपरीपर्यंत. मक्याचं निमित्त. खरं म्हणजे आमचा संसार त्या रस्त्यावर बोलायचा. दिवसभर शेवयांचं यंत्र धडधडतं, त्यात कुणाला कुणाचं काही ऐकू येत नाही. यंत्र थांबलं की आई मधल्या खोलीत बसते, आणि मी बी-युनला काही विचारलं तर उत्तर आई देते, बी-युनने मला विचारलं तरी उत्तर आईच देते. त्यामुळे नवरा-बायकोने जे बोलायचं ते आम्ही रविवारसाठी साठवून ठेवायचो. ती मागे बसून माझ्या उजव्या खांद्यावर हनुवटी टेकवायची आणि सुरू व्हायची.

पण चढावर तुमची गाडी रडते, दादा. तुम्हाला वाईट वाटेल, पण खरं ते लिहितो. दोघांना घेऊन दुसऱ्या गियरमध्ये ती असा टाहो फोडते की रस्त्याकडेची कुत्रीसुद्धा भुंकायचं सोडून सहानुभूतीने बघतात. एका रविवारी सायकलवाल्या म्हाताऱ्यांचं एक मंडळ आम्हाला मागे टाकून गेलं. प्रत्येकाने जाताना “कष्ट पडतायत हो!” असं अदबीने म्हटलं. शेवटचा तर बोलायला आमच्याबरोबर थोडा वेळ थांबला, म्हणजे त्याने सायकल हळू केली. मग बी-युन उतरली आणि चालायला लागली. मी टपरीवर पोचलो तेव्हा तिचा अर्धा मका खाऊन झाला होता, अर्धा तिने माझ्यासाठी ठेवला होता.

त्यानंतर काहीतरी बिघडलं. ती मागून काही बोलायची, मी “काय?” म्हणायचो. मी बोललो की ती “काय?” म्हणायची. दोनदा काय म्हटल्यावर माणूस “काही नाही” म्हणतो. असे काही नाही, काही नाही करत आम्ही वर जायचो आणि काही नाही करत खाली यायचो. आणि मग एका रविवारी हेल्मेट हातात घेऊन मी दारात उभा असताना ती म्हणाली, “तू जाऊन ये. मला चटया उलटायच्यात.”

रविवारी चटया रिकाम्या असतात, दादा.

मी एकटा वर गेलो, मका खाल्ला, अर्धा उरवला, आणि तो कुणाला द्यायचा हे न कळून परत आणला. दोन महिने असं चाललं. मला वाटलं, तिला हळू जाण्याची लाज वाटते. लोखंडाचं दुकान चालवणारा रोंग-फा, ज्याच्याकडे लाल नंबरपाटीची ती भलीमोठी मोटरसायकल आहे (आणि जो ती आठवड्यातून तीनदा पुसतो आणि महिन्यातून एकदा चालवतो), तो म्हणाला, “अरे, वीस वर्षं तुला मागे बसवून कशी उडायची ती! तिला वेग हवाय. तू तिला हातगाडीवर बसवलंयस.” हे मला लागलं. मोठी गाडी कधी घ्यावी, असं विचारल्यावर रोंग-फा म्हणाला, काल. आई म्हणाली, मी मेल्यावर. तुम्हाला विचारायची हिंमत नव्हती, कारण तुमचं उत्तर मला माहीत होतं.

म्हणून मी देवाला विचारायला गेलो. आपल्या भूमिदेवापुढे, थूती आजोबांपुढे, शेंगदाण्याच्या वड्या ठेवल्या, लाकडाच्या त्या दोन चंद्रकोरी हातात घेतल्या आणि मनापासून म्हणालो, देवा, बी-युनच्या सुखासाठी मी मोठी गाडी घ्यावी का? कौल टाकला. एक उताणा एक पालथा पडला असता तर होकार, दोन्ही पालथे पडले असते तर नकार. दोन्ही उताणे पडले आणि जमिनीवर डोलत राहिले. म्हणजे देव हसला. मला वाटलं नीट ऐकलं नसेल. पुन्हा विचारलं, पुन्हा हसला. वड्यांशेजारी तांदळाच्या दारूची बाटली ठेवली आणि तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा तर एक तुकडा गरगर फिरत खांबापर्यंत गेला आणि उताणा पडला.

देवळाची झाडलोट करणाऱ्या बांग-छी मावशी केरसुणीवर हात ठेवून बघत होत्या. (साठी कधीच उलटली, पण जीभ अजून शाळेत जाते.) म्हणाल्या, “देव काय दुकानदार आहे का रे, बायकोच्या नावावर भाव पाडायला? खरं काय ते विचार, नाहीतर तिलाच घेऊन ये.” मी म्हणालो, मी खरंच विचारतोय, मावशी. त्या म्हणाल्या, “हो का? मग तो कशाला हसतोय?” आणि माझ्या पायांवरून केरसुणी फिरवून पुढे गेल्या.

हसणं म्हणजे नकार नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली आणि मोठ्या गाडीच्या वेगळ्या परवान्याच्या शिकवणीला नाव घातलं. तिथे पहिल्यांदा आडवी पाडलेली मोठी गाडी उचलायला लावतात. ती मी उचलली, पण माझी पँट तेवढी उसवली. मग अरुंद फळीवरून गाडी न्यायची. आणि दादा, इथे मला तुमची आठवण येऊन डोळे भरले, कारण फळीवरून जायचं ते हळू! जो भरकन जातो तो नापास. वेगवान गाडीचा परवाना हवा असेल तर आधी हळू जाता येतं हे दाखवायचं. माझ्या पुढची दोन तरणीताठी पोरं सपकन गेली आणि नापास झाली. मी तुमच्या गाडीवर डोंगर चढलेला माणूस. मी असा गेलो की शिकवणाऱ्या शू मॅडम घड्याळावरून मान वर करून म्हणाल्या, “काका, चाललाय ना? की थांबलात?” प्रत्यक्ष परीक्षेत फळी पार झाल्यावर मला इतकी कृतज्ञता वाटली की मी परीक्षकांना लवून नमस्कार केला. दोन्ही हात हँडलवरून सुटले. गाडी आडवी, मी आडवा, आणि नमस्कार तसाच. दुसऱ्या खेपेला मी नमस्कार न करता पास झालो, आणि मग घरी येऊन त्यांच्या दिशेने केला.

परवाना आला तेव्हा मी बी-युनला सगळं सांगितलं, देवाच्या हसण्यासकट.  तिने हात पुसले आणि मला देवळात घेऊन गेली. माझ्याकडे पाठ करून तिने ओठातल्या ओठात काहीतरी विचारलं आणि कौल टाकला. होकार. पुन्हा टाकला, होकार. तिसऱ्यांदाही होकार. काय विचारलंस, म्हटलं तर म्हणाली, “तुला काय करायचंय? गाडी बघ जा.”

तर मी घेतली, दादा. निळी आहे, जुनी आहे, पण दोन सिलिंडरची आणि शांत स्वभावाची. पहिल्या रविवारी आम्ही वर निघालो. तुम्ही हसाल, पण मी जुन्याच वेगाने चालवत होतो. दूधवाली मुलगी मागून आली, घंटी वाजवून पुढे गेली. पण गाडी रडत नव्हती, नुसती गुणगुणत होती. धरणाखालच्या वळणावर मागून स्वच्छ आवाज आला, “त्या झाडाला अजून पेरू आहेत बघ.” मी म्हणालो, थांबू का? ती म्हणाली, “नको, चालव.” मग ती पेरूंविषयी बोलली, तुमच्या गुडघ्याविषयी बोलली, आईच्या दातांविषयी बोलली. टपरीच्या अलीकडे म्हणाली, “मला वाटत होतं, तुझ्यापाशी माझ्याशी बोलण्यासारखं काही उरलं नाही.”

दादा, दोन महिने मला तिच्याबद्दल अगदी हेच वाटत होतं.  मी आरसा पुसायचं निमित्त करून गाडी थांबवली.

म्हणून ही माफी. तुमच्या गाडीने मला सगळं शिकवलं आणि मग मी ती बदलली, असं समजा. वहिनींना, मुलांना आशीर्वाद आणि नमस्कार ज्याचे त्याला. पट्टी गुडघ्यालाच बांधा.

तुमचा,
मू-शुंग (पार्सल)

ता. क. १ : खरं तर पत्र लिहायचं कारण हे, की बी-युनला डाव्या कानाने कमी ऐकू येतं असं मला वाटू लागलंय. मी सांगितलं की चिडते. ती फक्त तुमचं ऐकते. सहज म्हणून फोन करा आणि कान तपासून घ्यायला सांगा. मी लिहिलंय असं कळू देऊ नका.

ता. क. २ : वरचं करू नका. बी-युन चहा ठेवायला आली आणि तिने खांद्यावरून वाचलं. म्हणाली, “माझा कान? जन्मभर त्या यंत्राशेजारी उजवी बाजू करून कोण बसलंय?” मग वाद झाला, आईने दोघांच्याही वतीने उत्तरं दिली, आणि शेवटी आम्ही दोघंही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. (पत्र तोवर उशीखाली होतं.) निकाल असा: तिचा डावा कान अधू, माझा उजवा. डॉक्टरांनी विचारलं, गाडीवर कशा बसता? ती म्हणाली, यांच्या उजव्या खांद्यावर हनुवटी ठेवून. डॉक्टरांनी कागदावर दोन डोकी काढली, दोन कानांवर फुल्या मारल्या, आणि आम्हाला दाखवलं की इतके दिवस आमचे दोन बहिरे कान एकमेकांना चिकटून बसले होते. “बाई, डावा खांदा धरा,” एवढंच औषध दिलं.

ता. क. ३ : मला झोप येईना. म्हणून आज सकाळी तुमची लहान गाडी काढली, बी-युनला मागे बसवलं आणि तोच चढ चढलो. गाडी नेहमीसारखी रडली. बी-युन डाव्या खांद्यावर होती. तिचा शब्द न् शब्द ऐकू आला, दादा, शिव्यासुद्धा. म्हणजे मोठ्या गाडीची काहीच गरज नव्हती! तुमच्या गाडीकडे एक धडा शिल्लक होता आणि मी वर्गातून उठून गेलो. मी घाबरून म्हणालो, निळी परत करू का? ती माझ्या चांगल्या कानात म्हणाली, “कशाला? मी देवाला काय विचारलं होतं माहितेय? म्हटलं, याला स्वतःलाच ती गाडी हवीय आणि कबूल करायला लाजतोय, घेऊ दे का? तर देव तीनदा हो म्हणाला. आता ठेव.”

निळी ठेवली आहे. उतरताना देवळापाशी थांबलो आणि लहान गाडीची किल्ली नवख्या माणसाच्या हातात दिली, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. नवखं माणूस म्हणजे बांग-छी मावशी. त्यांना या वयात शिकायचंय. क्लच शिकवायला तुम्हीच या, मला केरसुणीची भीती वाटते. किल्ली घ्यायच्या आधी त्यांनी देवाला कौल लावला होता, मी तिथेच उभा होतो. देव अजिबात हसला नाही.