उंबऱ्याबाहेर

६ जाने. ७४, रविवार
लेखनवर्गाला गेले. विश्रामबागेत, कॉलेजच्या रिकाम्या खोलीत. शिकवणाऱ्या इनामदारबाई मूळच्या वाईच्या, आवाज मऊ. कथा कशी लिहायची ते सांगतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, डोळे मिटा आणि आपल्या घरी चालत जा. शेजारचे रिटायर्ड पोस्टमास्तर लगेच घोरू लागले. मी मात्र गेले. सासूबाई आणि मी राहतो त्या भाड्याच्या खोलीकडे नाही, थेट गावच्या घरी, कुंडलला. गुऱ्हाळाचा वास, उसाच्या तुऱ्यांवर ऊन. अंगणात पोचते तोच बाई म्हणाल्या, उघडा डोळे. राग आला.

१३ जाने., रवि.
परत तीच वाट. आज माझ्यापुढं हे चालत होते. खांद्यावर काळी ट्रंक, मान जराशी डावीकडं, नेहमीसारखी. मागं वळून बघितलं नाही.
दीड पान लिहिलं. हे सुट्टीवर येतात, चपला काढतात, आत जातात, एवढंच. सुख झालं. येताना सायकलरिक्षावाल्याशी घासाघीस करायचीही विसरले.
बाई म्हणाल्या, पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर वाचा.

१५ जाने.
वाचू कशी? हे लढाईत 'बेपत्ता' अशी पलटणीची तार आली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून घरात हा विषय बंद. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, फोटोला हार घालू दिला नाही आणि कुणाला रडूही दिलं नाही. त्यांना न विचारता वाचलं तर चोरी. विचारलं तर...

१८ जाने.
विचारलं. आत्याबाई शेंगा फोडत होत्या. सगळं वाचून दाखवलं. शेंगा फोडायच्या थांबल्या. वाटलं, आता ताट भिरकावतात.
"तसाच आत घेतलास व्हय त्याला?"
कळेना.
"भाकरतुकडा कुनी ववाळून टाकला? येवढ्या लांबनं आलेलं पोर. वाटंत काय काय वलांडलं आसंल. बिगर ववाळता आत घेत्यात का गं?"
खरंच की. दरवेळी ट्रंक खाली ठेवायच्या आधी भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून बाहेर टाकायच्या त्या. मग हे हसत आत यायचे. शहाणी मी, ट्रंकेचा रंग आठवला आणि हेच विसरले.
"बाहीर काढ त्याला," म्हणाल्या. "मी ववाळते, मग घे आत."
खोडलं. हे पुन्हा उंबऱ्याबाहेर.

१९ जाने.
"सांगा आत्याबाई, लिहिते."
"तांब्या भरून घेतला..." एवढं बोलल्या. मग पदर तोंडाला. दोन वर्षांनी रडल्या. मीही. बरं वाटलं, आणि फार वाईट वाटलं.

२० जाने., रवि.
वर्गात उंबऱ्यापर्यंतच वाचलं. पोस्टमास्तर जागे होते.
"पुढं?" बाईंनी विचारलं.
"सासूबाईंनी अजून सांगितलं नाही."
कुणी हसलं नाही.
घरी आले तर आत्याबाई चुलीपुढं. पहिल्या भाकरीचा तुकडा मोडून बाजूला ठेवलेला, शेजारी तांब्या.
"वाचलंस?"
"हो."
"उबाच हाय का त्यो अजून?"
"हो."
"आसू दे. लय घाई करू नगंस त्याला."
जेवायला बसलो. तुकडा तसाच राहू दिला.