बनाबाईंचा नारळ आणि माझा भोंगा

मु. पो. निमगाव केतकी, ता. इंदापूर
मंगळवार, भर दुपार, जेवण अर्धवट टाकून

रा. रा. संभाजीराव यांना वसंतचा सादर नमस्कार. (होय, तोच वसंत. पाकिटावरचा पत्ता मंदाकिनीकडून लिहून घेतला आहे, कारण माझं अक्षर दिसलं असतं तर पाकीट न फोडताच बंबात गेलं असतं.) रोहिणीताईंनाही नमस्कार.

आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. एरवी तुमची प्रकृती मला रोज संध्याकाळी सव्वासहाला कळते. आपल्या बायका सख्ख्या बहिणी, दोघींनाही फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय बोलता येत नाही, आणि मी त्या वेळी नेमका ओट्यापाशी काहीतरी शोधत असतो. तुमचा डावा गुडघा धरतो, साखर तुम्ही सोडली आहे, आणि गुळाचा डबा ताईंनी कितीही वरच्या फळीवर ठेवला तरी तुम्ही स्टूल लावून तिथवर पोचता (तेव्हा गुडघा धरत नाही), हे सगळं मला ठाऊक आहे. माझंही तुम्हाला तितकंच ठाऊक असणार. म्हणजे नऊ वर्षं आपलं बोलणं बंद आहे असं पाहुण्यांना वाटतं, पण तसं काही नाही. फक्त कारभार निरोप्यांच्या हाती गेला आहे.

आता हे पत्र चुकून तिसऱ्याच माणसाच्या हाती पडलं तर त्याचा गोंधळ होऊ नये म्हणून मागचं थोडक्यात लिहून टाकतो. गुजरातेत आपण एकाच तेलविहिरीवर होतो. तुम्ही ड्रिलर, ब्रेकच्या दांड्यावर नुसता हात ठेवून दोन किलोमीटर खाली काय चाललंय ते सांगणारे. मी इन्स्ट्रुमेंटवाला, तेच काट्यांवर आणि भोंग्यांवर दाखवणारा. तुम्हीच मध्यस्थी करून मला तुमचा साडू करून घेतलंत. पुढं चोपन्न नंबरच्या विहिरीत पाइप तुटून आत राहिला, चौकशी बसली, आणि मी साक्ष दिली की भोंगा अकरा वेळा वाजला आणि ड्रिलरनं तो बंद केला. निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं तुम्ही स्टोअरमध्ये हातमोजे वाटत काढलीत. तेव्हापासून लग्नाकार्यात एका पंगतीत बसायची वेळ आली तर आपण मध्ये एखादा मेहुणा बसवून घेतो. (आमच्या श्रियाच्या लग्नात तुम्ही मीठ मागितलंत ते त्या बिचाऱ्याकडून माझ्याकडे आलं, आणि मी दिलं ते परत त्याच्याकडूनच गेलं. त्यात त्याची जिलबी थंड झाली.) हे पत्र मात्र त्या विषयावर नाही.

विषय माझ्या यंत्राचा आहे. निवृत्त झाल्यापासून मला एका जागी बसवत नाही, हे पत्र लिहितानासुद्धा चार वेळा उठून फाटकापर्यंत जाऊन आलो. ज्याच्यापुढं तीस वर्षं काटे हलत होते त्याला भिंतीवरचं एक घड्याळ कितीसं पुरणार? आधी पाण्याच्या टाकीला भोंगा बसवला. मग गॅसच्या सिलिंडरखाली वजनकाटा. मग कुकरच्या शिट्ट्या मोजून तिसरीला दिवा लावणारं यंत्र केलं, त्यावर मंदाकिनी म्हणाली की मला तीनपर्यंत येतं. ते मी मनावर घेतलं नाही. पण तिच्या घोरण्याची नोंद ठेवायला उशीशी तार लावली त्या दिवशी तिनं मला तारेसकट ओसरीवर काढलं आणि सांगितलं, की आता जे काय लावायचं असेल ते घराबाहेरच्या वस्तूला लावा.

घराबाहेर सोपानची बोअरची गाडी होती. सोपानकडे एकच गाडी, खालचा दगड फोडणारा एकच हॅमर आणि पाइपांचा एकच संच, आणि त्यावर दोन तालुक्यांत फिरून तो नेकीनं धंदा करतो. भोक पाडताना मधूनच एखादा दगड निसटून हॅमरच्या डोक्यावर बसतो, पाइप फिरायला जड जातात, आणि त्याच घटकेला वर उचलले नाहीत तर सगळं आत अडकून राहतं. (हे तुम्हाला सांगणं म्हणजे तुमचा अपमान, पण त्या तिसऱ्या माणसासाठी लिहिलं.) माझं यंत्र पाइपाची थरथर, दाब आणि फिरवायला लागणारा जोर मोजतं, मर्यादा ओलांडली की भोंगा देतं आणि मोबाइलवर संदेश धाडतं. करड्या रंगाचा डबा, पुढं गोल काचेत काटा, वर लाल दिवा. नाव ठेवलं कूपरक्षक. पेटंटचा अर्जही भरून तयार आहे, त्यातला 'प्रत्यक्ष वापरातील अनुभव' हा रकाना तेवढा कोरा होता. सोपान म्हणाला, "तेलाच्या हिरीवर चालतंय म्हंजे पाण्याच्या भोकावर चालंलच की." त्यानं डबा गाडीच्या खांबाला चारी बाजूंनी वेल्डिंग करून बसवला. आता तो काढायचा तर खांब कापावा लागेल इतका पक्का.

पहिलंच काम निघालं बनाबाईंच्या पानमळ्यात. बनाबाई सत्तरीच्या, विड्याच्या पानांचे वेल पोटच्या पोरांसारखे वाढवलेले, आणि स्वभाव असा की तलाठीसुद्धा चप्पल मळ्याबाहेर काढून आत येतो. पाणाड्यानं तळहातावर नारळ ठेवून मळाभर फेऱ्या मारल्या आणि उत्तरेच्या कोपऱ्यात नारळ उभा राहिला. त्यांच्या घरची रीत अशी, की जो नारळ उभा राहिला तोच गाडीला बांधायचा आणि पाणी लागेपर्यंत उतरवायचा नाही. बाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. सगळीकडे ग्रीस आणि काळं तेल, स्वच्छ असा फक्त माझा डबा. त्यांनी त्याच्या काचेला हळदीकुंकू फासलं (काटा दिसेनासा झाला), आणि लाल फडक्यात गुंडाळलेला नारळ वीतभर दोरीनं डब्याला टांगला. मी हात जोडून म्हटलं, दुसरीकडे बांधा. त्या म्हणाल्या, "तात्या, गाडीचं त्वांड हितं हाय. नारळ काय टायरला बांधू व्हय?" तीस वर्षांच्या नोकरीत मला इतका बिनतोड प्रश्न कुणी विचारलेला नाही.

हॅमर सुरू झाला, गाडी थरथरायला लागली, आणि नारळ डब्यावर ठोके द्यायला लागला. आत यंत्राला वाटलं पाइपच ठोके देतोय. त्यानं इमानेइतबारे भोंगा दिला. सोपाननं पाइप वर उचलले, हवा सोडून भोक झाडलं, काही नाही, परत खाली सोडले, परत भोंगा. पहिल्या दिवशी एकोणीस वेळा. दर भोंग्याला बनाबाई हात जोडायच्या. दुसऱ्या दिवशी आठवडे बाजार होता, तिथली माणसं पिशव्या घेऊन थेट मळ्यात आली, कारण देवाच्या हुकमानं थांबणारी गाडी आली आहे अशी बोलवा उठली होती. सोपान मला एवढंच म्हणाला, "सायेब, तुमचं यंत्र हाय हुशार, पण त्याला गप बसाया कुणी शिकिवलं न्हाय."

संदेशांचं तर विचारूच नका. यंत्रात घालायला मंदाकिनीचं जुनं सिमकार्ड घेतलं होतं. त्यात तिच्या माहेरचे बावीस नंबर साठवलेले, आणि माझ्या यंत्रानं ते सगळे आपलेच मानले. 'धोका. दाब मर्यादेबाहेर. ताबडतोब उचला.' असा संदेश बारामतीच्या रतनमामांच्या फोनवर गेला. मामींनी तो वाचला आणि झोपलेल्या मामांना शेजाऱ्यांकडून उचलवून दवाखान्यात नेलं. तिथं दाब व्यवस्थित निघाला. परत येताना रिक्षात दुसरा संदेश आला तेव्हा मात्र तो खरंच वाढला. तुमच्याकडेही ते पोचलेच असतील. ताईंनी एका शब्दानं विचारलं नाही हा त्यांचा मोठेपणा, किंवा तुम्ही गुळाच्या डब्यापाशी उभे राहून म्हणाला असाल, वाजू दे, त्याचं पहिल्यापासून असंच हाय.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, दुपारी साडेतीनला आम्ही तीनशे चाळीस फुटांवर होतो. वर येणारी भुकटी ओलसर व्हायला लागली होती, बनाबाई चहाची किटली तिथंच ठेवून वाकून बघत होत्या, आणि सोपान उत्साहात होता. त्या वेळी भोंगा वाजला नाही. (कारणांचा तपास चालू आहे. विजेचा काहीतरी विषय असावा.) पाइपांनी एक अर्धवट गिरकी घेतली आणि ते थांबले. ते अजून थांबलेलेच आहेत. हॅमर आणि सतरा पाइप, म्हणजे सोपानचं होतं नव्हतं ते सगळं, बनाबाईंच्या मळ्याखाली आहे. जॅक लावून झाले, उलटं फिरवून झालं, एका शहाण्यानं साबणाचं पाणी ओतायला सांगितलं तेही ओतून झालं. गाडी जागची हलवता येत नाही. लासुर्ण्याची आणि सणसरची ठरलेली कामं दुसऱ्या गाडीवाल्यांनी नेली. वेलांना शेजारच्या मळ्यातून पाळीनं पाणी येतं, पण शेजाऱ्याचा आवाज दिवसेंदिवस चढतोय. नारळ तिथंच आहे, कारण पाणी लागलेलं नाही.

आणि सोपान मला जराही बोल लावत नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी जेवलो तरी असतो. मी दिवसातून तीनदा मळ्यात जातो, तो मला पाहून उठतो, उलटी केलेली बादली बसायला देतो आणि म्हणतो, "यंत्र हाय सायेब, चुकायचंच. तुमी च्या घ्या." मी चहा घेतो, आणि कप स्वतः विसळून ठेवतो.

असो. तुमच्या माहितीसाठी सहज कळवलं. बाकी इकडे क्षेम. तुमच्या नातवाला, अद्वयला, परीक्षेसाठी आशीर्वाद सांगावा, ताईंच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीची आठवण येते हेही सांगावं. लोभ पूर्वी होता त्याच्या निम्मा असला तरी पुरे.

आपला,
वसंत

ता. क. : सहज म्हणालो, पण तसं सहज नाही. सुप्यात तुम्ही लेथवर स्वतः एक हत्यार घडवलं आहे आणि त्यानं लोकांच्या बोअरमध्ये पडलेल्या मोटारी आणि पाइप पकडून वर काढता, आतापर्यंत एकही हातचा गेलेला नाही, असं सव्वासहाच्या बातम्यांत कळतं. ते घेऊन याल का? सुप्याहून बारामती, तिथून इंदापूरची एसटी, निमगावच्या थांब्यावर मी उभा असेन. हत्यार जड असेल तर टेम्पो पाठवतो. माझ्याशी बोलायची गरज नाही. सोपानशी बोला, मी मध्ये एखादा मेहुणा बसवतो.

दुसरा ता. क. : मंदाकिनीनं पत्र वाचलं आणि टेबलावर आपटलं. म्हणाली, विजेचा काय विषय? तर तसा काही विषय नाही. शुक्रवारी जेवणानंतर भोंगा एकसष्टाव्यांदा वाजला तेव्हा मीच त्याची तार उपटली. नारळच वाजवतोय याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. साडेतीनला लाल दिवा लागला (त्याची तार वेगळी आहे), तो मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि नारळाला मनात एक शिवी देऊन चहाकडे वळलो. म्हणजे त्या वेळी यंत्र बरोबर होतं. हे सोपानला अजून माहीत नाही. उद्या सकाळी मळ्यात जाऊन सांगणार आहे, बादलीवर बसायच्या आधी.

तिसरा ता. क. : पाकीट चिकटवून परत फोडलं. संभाजी, चोपन्न नंबरवरचा भोंगासुद्धा महिनाभर खोटाच वाजत होता. तू मला दोनदा लेखी कळवलं होतंस. मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू. समितीनं विचारलं भोंगा वाजला का, मी म्हटलं वाजला. तो रोजच वाजायचा का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. रोज खोटं बोलणाऱ्या भोंग्याचं तोंड बंद करताना माणसाला काय वाटतं, ते मला शुक्रवारी कळलं. मला माफ कर, असं लिहायला नऊ वर्षं लागली याचीही लाज वाटते. तू आला नाहीस तरी मी समजून घेईन. तुझे ते दोन्ही कागद माझ्या खणात होते, फेकवले नाहीत. ते या पाकिटात घालतोय. वर तुझी सही आहे, आणि खाली मिळाल्याची माझी.