बोंबील घे म्हटलं होतं, जागा नाय

सुकापूर, रविवार

लाडक्या जनीस थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे कसे हायत? आमी इकडे सगळे बरे, आणि माझा डावा कान तर विचारूच नकोस. फोनच करणार होते, पण डॉक्टर म्हणतो डाव्या कानाला एवढ्यात फोन लावायचा नाय, आणि उजवा अजून बहिराच, म्हणून तुला पत्र. (चौथीपर्यंतच शिकले, अक्षर सोसून घे.)

पडद्याला भोक होतं ना, तिथं कानामागचंच पातळ कातडं काढून ठिगळ लावलं, आपले बाबा जाळं सांधायचे तस्सं. दोन महिने झाले, ठिगळ धरलं म्हणाले. आता कुकरची शिटी कळते, माझ्याच बांगड्या वाजतात त्या कळतात, आणि सूनबाई प्रांजल भांडी घासताना काय पुटपुटते तेही कळतं. (वाईट नाय बोलत गो. गाणं म्हणते. बेसूर.)

तर या बुधवारी पाटी घेऊन मासळीबाजारात गेले, तर दाराजवळच्या माझ्या जागेवर मागच्या रांगेतली कुमुद! बत्तीस वर्षं मी बसते तिथं. म्हणते, "मावशी, तुमीच दिलीत ना ऑपरेशनच्या आदल्या दिवशी?" सगळ्या बायका साक्षीला. तेव्हा उलगडा झाला. त्या दिवशी ती माझ्यासमोर बसून काहीतरी गोड गोड विचारत होती. मला वाटलं, उरलेले बोंबील मागते. मी म्हटलं, "घे की गो, सगळं घे." ती पाया पडली आणि बोंबील तिथंच ठेवून गेली. शंका तेव्हाच यायला हवी होती, पण मी म्हटलं, वळण चांगलं हाय पोरीला.

मी पाटी तिच्या पुढ्यात आपटली. म्हटलं, ऊठ. बोंबील दिले होते, जागा नाय. आणि बोंबील न्यायला आता उशीर झाला. तर ती शेजारच्या भामाच्या कानाशी लागली, "थेरडी बहिरी होती तेच बरं होतं." जने, मी ऐकलं! बारा वर्षांच्या बहिरेपणात पाठीमागची पहिली शिवी, अख्खी, एक अक्षर सांडलं नाय. इतका आनंद झाला की तिला चहा पाजला. पण उठवून पाजला.

हितेश म्हणतो, आई, या वयाला एक कान पुरे, आणि बाजारही पुरे. पूर्वी मुलापुढं मान हलवून मोकळी झाले असते. आता म्हटलं, ऐकलं, आणि नाय! उजवाही शिवणार, आणि बसणार तिथंच.

तुझी, दोन कानांची होऊ घातलेली
दमयंती

ता. क. : उजव्या कानाचं ऑपरेशन हा मंगळवार सोडून पुढच्या मंगळवारी हाय. मग महिनाभर ओझं उचलायचं नाय. म्हणून तू ये आणि माझ्या जागेवर बस. चहालासुद्धा उठू नको. कुमुद गोड बोलेल. ती काहीही विचारो, मान ताठ ठेव.

आणखी ता. क. : नातवाच्या बारशाला तूही माझ्याजवळ येऊन काहीतरी विचारलंस आणि मी हसून हो म्हटलं. प्रांजल सांगते, तेव्हापासून तू तिला फोनवर सारखी विचारतेस, "ताई कधी देणार?" काय ते मला ठाऊक नाय. मोहनमाळ असेल असा वहीम हाय. आधी महिनाभर बस, मग पुन्हा विचार. या खेपेला नीट ऐकून नाय म्हणेन.