तेवीस गोट्या

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे ऐकशील. ऐकशीलच म्हणायचं, कारण डॉक्टरांनी वाचायला मनाई केलीय तोवर भाचीच तुला हे वाचून दाखवणार. (भाचीबाई, मामाच्या अक्षराला हसायचं नाही.)

डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं आणि जीव भांड्यात पडला. आता हट्ट न करता पडून राहा. स्टुडिओ कुठे पळून जात नाही.

डार्करूमचा नळ अखेर गळायचा थांबला. समोरच्या खोलीतला पडदा धुतला, तर तो मुळात निळा होता असं निघालं. एका लहानग्याचा फोटो काढताना मला तब्बल पाऊण तास मांजराचा आवाज काढावा लागला. तू असतीस तर दोन मिनिटांत काम झालं असतं.

तू तिसऱ्यांदा विचारलंस म्हणून सांगतो: बाटली मजेत आहे. गळ्यापर्यंत भरलेली आहे आणि फिल्म धुवायचा डेव्हलपर पाण्यासारखा स्वच्छ दिसतो. तुझा कागद भिंतीवर आहेच. दर फिल्ममागे सत्तर मिली ताजा डेव्हलपर आधी बाटलीत, मग वापरलेला परत, उरेल तो मोरीत, बूच घट्ट. सगळं तोंडपाठ झालंय. बाबांनी सुरू केलेला आणि तू अकरा वर्षं एकदाही मरू न दिलेला डेव्हलपर माझ्या हातून दोन महिन्यांत कसा बिघडेल?

घड्याळवाल्या काकांची फिल्म मात्र कोरी निघाली. कॅमेऱ्यात नीट बसली नसावी. वय झालं आता त्यांचं. असो.

तुझा,
धाकटा

२६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आता तू स्वतः वाचतेस असं भाचीने कळवलं. फार बरं वाटलं. हे पत्र तू एकटीने वाचावंस म्हणून इतके दिवस थांबलो होतो. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं की मला धीर होत नव्हता.

बाटली मी मारली, ताई.

जानेवारीत ताजा डेव्हलपर संपला. पावडर कपाटात होती, पाणी कोमट करून ती ढवळायची, एवढंच काम. त्याचाच कंटाळा केला. दोन-चार फिल्मनी काय होतंय, म्हणत तोच तो वापरत राहिलो. दर फिल्मबरोबर थोडा जायचा, पातळी उतरायची. आत हवा राहिली तर डेव्हलपर खराब होतो हे मला ठाऊक होतं, म्हणून तू डब्यात ठेवलेल्या काचेच्या गोट्या एकेक करून बाटलीत सोडत गेलो. पातळी पुन्हा गळ्याला, आणि मी खूश! उपाशी माणसाला जेवायला घालायचं सोडून त्याच्या पोटावर उशी बांधावी, तसला प्रकार. शेवटी मोजल्या तर तेवीस गोट्या निघाल्या.

फिल्मचा एक तुकडा बुडवून तो काळा होतो का, हे दर वेळी बघायचं, तेही सोडलं होतं. दिसायला स्वच्छ होता ना! हा मेला तरी रंग बदलत नाही, हे तू मला शंभरदा सांगितलं असशील.

त्यात काकांची फिल्म गेली. आपलं चाळीस वर्षांचं दुकान रिकामं करायच्या आदल्या दिवशी त्यांनी काढलेले फोटो होते. आता ती इमारतसुद्धा पाडली, काका घरीच घड्याळं दुरुस्त करतात. फिल्म बाहेर काढली तर आरपार दिसत होतं. मी इतका घाबरलो की काका समोर आले तेव्हा तोंडातून निघून गेलं, "फिल्म नीट बसली नव्हती, काका. हात हलला असेल."

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. म्हणाले, "असेल रे. हल्ली थरथरतात कधी कधी."

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला मी हे सांगितलं, ताई. आणि तुला लिहिताना वर त्यांचं वयही काढलं.

गेल्या आठवड्यात शेजारीण तिचं मनगटी घड्याळ हातात घेऊन परत येताना दिसली. म्हणाली, "काका बारीक घड्याळं घेत नाहीत आता. भिंतीवरची तेवढी घेतात." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

फिल्म मी टाकून दिली नव्हती. खिडकीशी धरून तिरकी केली तर कुठे कुठे पुसटशी सावली होती. फोटोच्या कागदाचा वेगळा डेव्हलपर ताजा ढवळला आणि तुझ्या कपाटातला सगळ्यात कडक कॉन्ट्रास्टचा, पुसट छटाही गडद उठवणारा कागद काढला. पहिले पाच वाया गेले. सहाव्यावर आधी एक लंबक आला, मग त्याच्या शेजारी दुसरा, आणि हळूहळू घड्याळांची अख्खी भिंत. रवाळ आहे, कडा काळपट आहेत, पण प्रत्येक घड्याळात किती वाजलेत ते वाचता येतं. ट्रे तसाच हातात धरून मी रडलो. हसू नकोस.

असे नऊ फोटो निघाले. ते घेऊन काकांकडे गेलो आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. फोटो त्यांनी बाजूला ठेवले.

"म्हणजे माझा हात नव्हता?"

"नव्हता, काका."

"फिल्म बरोबर बसली होती?"

"अगदी बरोबर. चूक माझी होती."

"पुन्हा सांग."

पुन्हा सांगितलं. मग त्यांनी मला शिव्या घातल्या. सावकाश, एकही न गाळता. आणि शिव्या देता देताच दिवा जवळ ओढला, डोळ्याला भिंग लावलं आणि खणातून एक नखाएवढं घड्याळ काढून उघडलं. माझ्या छातीवरचा दगड उतरला. इतक्या आनंदाने मी आजवर कुणाच्या शिव्या खाल्लेल्या नाहीत.

आता तुझ्याकडे वळतो.

नवा डेव्हलपर भरायचा म्हणून बाटली कोमट पाण्यात भिजत ठेवली. "ताईचं आहे, हात लावू नये" हे वरचं लेबल सुटून आलं. त्याच्याखाली दुसरं होतं. तुझं अक्षर, दोन वर्षांपूर्वीची तारीख: "नवीन सुरू. बूच सैल राहिलं." त्याच्याखाली आणखी एक, पाच वर्षांपूर्वीचं: "नवीन सुरू. मोजायला विसरले." त्याच्याखालच्यावर, तारखेपुढे, नुसतं "मूर्खपणा."

अगं, अकरा वर्षं! येणाऱ्याजाणाऱ्याला मान वर करून सांगायचीस! अर्धा दिवस मला तुझा भयंकर राग आला. तुझंही चुकतं हे मला माहीत असतं, तर मी काकांशी खोटं बोललो नसतो. मग संध्याकाळी ते "मूर्खपणा" पुन्हा वाचलं आणि इतका हसलो की पोट दुखलं.

सगळ्यात खालचं एक लेबल काही निघेना. अक्षर पुसट आहे, लागत नाही. ते राहू दिलंय.

नवा डेव्हलपर भरलाय. तुकडा रोज बुडवतो. तुझी तिन्ही लेबलं वाळवून परत चिकटवली आणि माझंही लावलं. त्यावर लिहिलंय: "नवीन सुरू. ताज्याच्या ऐवजी गोट्या घातल्या." तुझ्या लेबलांवर नाही लावलं, शेजारी लावलंय. सगळी वाचता येतात.

तू लवकर ये.

तुझा, आता तुझ्याकडे बघू शकणारा,
धाकटा

५ मार्च

धांदरटा,

डोळ्याला त्रास नको म्हणून थोडक्यात लिहिते. तुझं पत्र चारदा वाचलं, त्याने झाला तेवढा त्रास पुरे.

तुला सांगायला हवं होतं. लाज वाटायची. बाबांचा डेव्हलपर माझ्या हातून मेला, हे कुणाला आणि कसं सांगू?

खालचं लेबल निघणार नाही, मीही खटपट करून पाहिलीय. पहिल्यांदा सापडलं तेव्हा अक्षर ठळक होतं. ते बाबांचं आहे. त्यावर लिहिलंय, "चुकून डेव्हलपरमध्ये फिक्सर ओतला. नवीन सुरू. पोरीला सांगू नये."

मीही तेच शिकले बघ. तू शिकला नाहीस, बरं झालं. ते सापडलं त्या दिवशी मी उशीत तोंड खुपसून हसले, आणि मग बाबांची फार आठवण आली.

पंधरा तारखेला येते. बाटली गळ्यापर्यंत भरलेली हवी. गोट्या मी मोजून घेईन.

तुझी,
तिन्ही लेबलांची धनीण,
ताई